रेडिओवर हसवणाऱ्या माणसाचं करिअर चालतं कसं?

अधूनमधून एखाद्या लोकप्रिय आरजेच्या निरोपाचा व्हिडिओ फोनवर फिरायला लागतो. वर्षानुवर्षं सकाळचा कार्यक्रम करणारा माणूस हेडफोन काढून ठेवतो, दोन शब्द बोलतो, डोळे पुसतो. खाली लोक मनापासून हळहळतात. मग दोन प्रश्न पडतात. ‘आता रेडिओ कोण ऐकतं?’ असं सगळेच म्हणतात, तर ही हळहळ येते कुठून? आणि एवढं प्रेम मिळत असताना हा माणूस जातो कशाला?

ठाण्यात आणि नवी मुंबईत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इथल्या कॉलेजांतली बरीच मुलं ‘मला आरजे व्हायचंय’ म्हणतात. आरजे म्हणजे रेडिओ जॉकी, पूर्वीच्या भाषेत निवेदक. आईवडिलांना मात्र कळत नाही की यात नोकरी नेमकी कोणती, पैसे कोण देतं आणि चाळिशीनंतर पुढे काय. त्यांना डोळ्यांसमोर ठेवून पायापासून सुरुवात करू.

## जागा मुळातच मोजक्या

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. त्यामुळे एफएम केंद्र काढायचं तर सरकारकडून परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी लिलाव होतो. २०१५ च्या लिलावात मुंबईतल्या एका फ्रिक्वेन्सीची, म्हणजे रेडिओवर केंद्र लागतं त्या आकड्याची, बोली १२२ कोटी रुपयांच्या पुढे गेली. परवान्याची मुदत १५ वर्षं. शिवाय दरवर्षी उत्पन्नातला ठरावीक हिस्सा सरकारला द्यावा लागतो.

आता रेडिओवरचे आकडे आठवून बघा : ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३. दर दोन आकड्यांत बरोबर ०.८ चं अंतर आहे. एका शहरातली दोन केंद्रं एकमेकांच्या आवाजात मिसळू नयेत म्हणून हे अंतर ठेवलेलं असतं. म्हणजे मोठ्यातला मोठा गुंतवणूकदार आला तरी हवेत हव्या तितक्या जागा तयार होत नाहीत.

ठाण्यात किंवा वाशीत आपण ऐकतो ती केंद्रं मुंबईचीच. त्यातल्या प्रत्येक केंद्रावर सकाळचा मुख्य कार्यक्रम एक, संध्याकाळी लोक घरी निघतात तेव्हाचा एक. जाहिरातीचा मोठा पैसा याच दोन वेळांना येतो. म्हणजे कुलाब्यापासून कल्याण-पनवेलपर्यंतच्या एवढ्या मोठ्या वस्तीसाठी सकाळचा मुख्य आरजे होण्याच्या जागा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच. या क्षेत्रात येणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यावी. आवाज चांगला असणारी माणसं हजारो आहेत, खुर्च्या मूठभर आहेत.

## ‘गाणी लावायची आणि गप्पा मारायच्या, यात अवघड काय?’

गाणी आरजे निवडत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. खासगी केंद्रावर प्रोग्रॅमिंग विभाग तासाचा आराखडा आखून देतो. कितव्या मिनिटाला कोणतं गाणं, कुठे जाहिराती, कुठे केंद्राची धून, हे सगळं संगणकावर आधीच लावलेलं असतं. आरजेच्या वाट्याला येतात त्या मधल्या फटी. त्या फटीत तो जे बोलतो त्याला ‘लिंक’ म्हणतात. लिंक अर्ध्या-एक मिनिटाची, फार तर दीड मिनिटाची. तासाला पाच लिंक धरल्या तर चार तासांच्या कार्यक्रमात त्याचं प्रत्यक्ष बोलणं होतं वीस-पंचवीस मिनिटं. बाकी वेळ पुढच्या लिंकची तयारी, श्रोत्यांचे फोन घेणं, ते कापून नीट करणं, निर्मात्याशी खल.

एक लिंक जवळून बघू. गाणं सुरू झालंय. गायकाचा आवाज यायला सतरा सेकंद आहेत, तोवर नुसतं वाद्यसंगीत. समोरच्या पडद्यावर आकडा उलटा धावतोय : सतरा, सोळा, पंधरा. आरजेने कन्सोलवर माइकची पट्टी वर सरकवली. त्याला या सतरा सेकंदांत सांगायचंय की कापूरबावडीला ट्रक बंद पडलाय, माजिवड्यापर्यंत रांग आहे, आणि या रांगेत अडकलेल्याला हसू येईल असं एक वाक्यही टाकायचंय. आकडा आठवर आला की माहिती संपली पाहिजे. एकवर आला की विनोदाचा शेवटचा शब्द पडला पाहिजे. मग पट्टी खाली आणि गायकाचा पहिला शब्द. दोन शब्दांमध्ये एका श्वासाएवढीच जागा. एक शब्द जास्त झाला तर तो गायकाच्या तोंडावर आदळतो. एक कमी पडला तर पोकळी ऐकू येते. आणि हे करताना समोर कोणीही हसत नसतं. काचेची बंद खोली असते, लाल दिवा असतो, बस.

ही कसरत रोज, आठवड्यात पाच-सहा दिवस, वर्षानुवर्षं करायची असते. सहज वाटण्यामागे किती सराव असतो ते यावरून लक्षात यावं.

## लोकांना तो आपला का वाटतो

ठाण्याहून रोज तीच लोकल, तोच डबा पकडणाऱ्यांना गाडीतला ग्रुप म्हणजे काय हे सांगायला नको. त्या ग्रुपमध्ये एक जण असतो, जो डब्यात शिरला की वातावरण हलकं होतं. त्याचं आडनाव कित्येकांना ठाऊक नसतं. तो जगातला सर्वांत विनोदी माणूस असतो असंही नाही. पण कालचा पाऊस, परवाची गर्दी, खिडकीशी बसणाऱ्या काकांची डुलकी हे सगळं त्याने आपल्याबरोबर पाहिलेलं असतं. म्हणून त्याचं अर्धं वाक्यही पुरतं. चार दिवस दिसला नाही तर लोक विचारतात, ‘अरे, तो कुठाय?’

लोकप्रिय आरजे हा लाखो लोकांच्या डब्यातला तो माणूस. फरक इतकाच की तो आपल्याला ओळखत नाही. अशा एकतर्फी ओळखीवर डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच लिहून ठेवलंय. रेडिओ-टीव्हीवरचा माणूस थेट आपल्याशी बोलल्यासारखा बोलतो, ठरलेल्या वेळी रोज येतो, आणि मनाला ती खरी मैत्रीच वाटू लागते. ही फसवणूक आहे असं मला वाटत नाही. एकट्याने गाडी चालवणाऱ्याला, रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकाला, दुपारी एकटीने स्वयंपाकघर आवरणाऱ्या बाईला त्या आवाजाचा आधार खराच असतो.

म्हणून सांगावंसं वाटतं की आरजेचं भांडवल विनोद नव्हे. त्याचं भांडवल आहे रोजची हजेरी. विनोद त्या हजेरीवर उभा राहतो. त्याचीच एखादी लिंक काढून अनोळखी माणसाला ऐकवा, तो म्हणेल, ‘यात हसण्यासारखं काय आहे?’

## विनोद खड्ड्यांवरच का?

‘हे लोक त्याच त्याच गोष्टींवर बोलतात. ट्रॅफिक, पाऊस, लग्न, सासू-सून. राजकारणावर बोलायची हिंमत नाही का?’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. यात हिंमतीपेक्षा नियमांचा भाग मोठा आहे.

खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावण्याची मुभा तेवढी आहे. याशिवाय आकाशवाणीची कार्यक्रम आणि जाहिरातविषयक संहिता त्यांनाही पाळावी लागते. वाहतूक, हवामान, पाणी-वीजपुरवठा, परीक्षा आणि निकाल, प्रवेश, सांस्कृतिक कार्यक्रम हे मात्र बातमी धरलं जात नाही, त्यावर बोलता येतं. ही यादी वाचली की आरजेच्या विनोदाचा नकाशाच समोर येतो. गायमुखचा घाट, ऐरोलीचा पूल, ठाणे-बेलापूर रोडवर साचलेलं पाणी, दहावीचा निकाल. ही त्याची हक्काची जमीन.

दुसरं कारण ऐकणारे कोण आहेत त्यात आहे. रिक्षात चालक, आजी आणि शाळेचा मुलगा एकाच वेळी एकच आवाज ऐकतात. स्टेजवर चालतो तो सगळा विनोद तिथे चालत नाही.

या मर्यादेतही धार येते. २०१७ च्या पावसाळ्यात आरजे मलिष्काने मुंबईतल्या खड्ड्यांवर आणि पालिकेच्या कारभारावर विडंबनगीत केलं आणि ते घराघरांत पोहोचलं. त्यानंतर पालिकेच्या पथकाने तिच्या कुटुंबाच्या घराची तपासणी केली आणि डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस दिली. तिच्यावर ५०० कोटींचा दावा लावावा, अशी मागणीही सत्ताधारी नगरसेवकांकडून झाली. नागरी प्रश्नावरचा विनोद नुसता करमणुकीचा राहत नाही, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. माझ्या मते रेडिओवरच्या विनोदाचं सर्वांत मोलाचं काम हेच. तक्रारीचा अर्ज कोणी वाचत नाही, गाण्याची ओळ मात्र महापौरांपर्यंत जाते.

## रेडिओवरचे गमतीचे फोन खरे असतात का?

आरजेने भलत्याच नावाने फोन करून समोरच्याला गोंधळात टाकायचं आणि शेवटी उलगडा करायचा, हा प्रकार भारतात फार चालतो. हे फोन आधी रेकॉर्ड करून, कापून, घट्ट करून मग लावलेले असतात. ज्याची गंमत केली त्याची परवानगी घेऊनच ते ऐकवावेत, ही अपेक्षा असते. बऱ्याचदा त्या व्यक्तीची सगळी माहिती तिच्याच मित्राने किंवा भावाने पुरवलेली असते.

परवानगीचा मुद्दा कागदी नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका केंद्राच्या दोन निवेदकांनी ब्रिटनची राणी आणि राजपुत्र असल्याचं भासवून लंडनच्या रुग्णालयात फोन केला. तो जोडून देणाऱ्या भारतीय वंशाच्या परिचारिकेने काही दिवसांनी जीव दिला. कोणाचीही संमती न घेता ते संभाषण ऐकवलं गेलं होतं. प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१५ मध्ये निकाल केंद्राच्या विरोधात लागला. आरजे होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाने हे प्रकरण वाचलंच पाहिजे. ज्याच्यावर हसायचं तो माणूस आपल्याबरोबर हसू शकला पाहिजे, एवढं पथ्य पाळलं तरी खूप झालं.

## पैसे येतात कुठून

श्रोता एक पैसाही देत नाही. केंद्राचं उत्पन्न जाहिरातींचं. आरजेचा पगार त्यातून. नवख्याला तो बेताचाच मिळतो, नाव झाल्यावर वाढतो. पण नावाजलेल्या आरजेची कमाई पगारावर थांबत नाही.

एखाद्या सराफाची किंवा बिल्डरची जाहिरात आरजेने स्वतःच्या गप्पांत, स्वतःच्या तोंडून केली तर तिचं मोल वेगळं, कारण ती ओळखीच्या माणसाची शिफारस वाटते. मॉलमधले कार्यक्रम, गृहसंकुलाचा गणेशोत्सव, कंपनीचा वार्षिक सोहळा, दहीहंडीचं सूत्रसंचालन, हे बाहेरचं काम. शिवाय जाहिरातींना आवाज देणं, डबिंग, ऑडिओबुक. ठाण्यात उत्सवांच्या मोसमात चांगल्या सूत्रसंचालकाला एक संध्याकाळ मोकळी मिळत नाही.

गाडी इथेच अडते. हे बाहेरचं काम त्याला मिळतं ते सकाळच्या कार्यक्रमामुळे, आणि सकाळचा कार्यक्रम त्याच्या मालकीचा नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ : नोकरीचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीचे हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचे. म्हणजे आरजेने रचलेलं गमतीदार पात्र, त्याचं लिखाण, कार्यक्रमाचं नाव हे सगळं बहुधा केंद्राचं. तो बाहेर पडला की हे मागे राहतं. बरोबर येतो तो आवाज आणि लोकांची सवय. ती सवयसुद्धा त्या आकड्याशी, त्या वेळेशी बांधलेली. पुढच्या सोमवारी त्याच आकड्यावर दुसरा कोणी बोलू लागतो आणि काही महिन्यांत लोक त्यालाही सरावतात. हे ऐकायला कठोर वाटतं, पण घडतं असंच.

म्हणून शहाणे आरजे लोकप्रियतेच्या ऐन भरात स्वतःचं काहीतरी उभं करायला लागतात. सुरुवातीचा प्रश्न इथे सुटतो. प्रेम आटलं म्हणून ते जात नाहीत. प्रेम आहे तोवर ते स्वतःच्या नावावर करून घेता यावं म्हणून जातात.

## जे टिकले ते कसे

निवेदक अमीन सयानींचं उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. १९५२ मध्ये त्यांनी श्रीलंकेतल्या रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम सुरू केला. तेव्हा आकाशवाणीवर चित्रपटसंगीताला जवळपास बंदीच होती. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून आवाज भारतभर यायचा. तो टूथपेस्ट कंपनीच्या प्रायोजकत्वावर चाललेला कार्यक्रम होता, केंद्राच्या नोकरीतलं काम नव्हतं. त्यामुळे पुढे १९८९ मध्ये गीतमाला विविध भारतीवर आली तेव्हा श्रोतेही मागोमाग आले. सयानींनी जाहिराती केल्या, रेडिओ कार्यक्रमांची निर्मिती केली. २० फेब्रुवारी २०२४ ला ९१ व्या वर्षी ते गेले तेव्हा त्यांची ओळख कोणत्याही केंद्राच्या नावाशिवाय पूर्ण होती.

मराठीत ही वाट आणखी ओळखीची आहे. पु. ल. देशपांडे १९५५ मध्ये आकाशवाणीत नोकरीला लागले, पुढे दिल्लीत दूरदर्शनच्या आरंभीच्या दिवसांत काम केलं आणि मग नोकरी सोडून एकपात्री प्रयोगांनी नाट्यगृहं भरवली. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेतल्या टेकाडे भावोजी आणि मीनावहिनींना लोक शेजारी मानत. त्यांचा चेहरा कित्येकांनी कधी पाहिला नव्हता. नंतरच्या पिढीत सुनील ग्रोव्हरने टीव्हीवर गाजण्याआधी रेडिओवर ‘सुद’ हे पात्र घरोघर पोहोचवलं होतं. अभिनेता आयुष्मान खुराना दिल्लीत आरजे होता.

‘मग प्रत्येक आरजे स्टेजवर चालतो का?’ नाही. गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात तिकीट काढून आलेला माणूस दीड तास हसवून घ्यायला आलेला असतो. पंचेचाळीस सेकंदांच्या लिंकवर पोसलेल्या कलाकाराची तिथे दमछाक होते. मधे गाणं लागत नाही. हशा आला तर थांबायचं किती, नाही आला तर पुढे काय, हे रेडिओच्या बंद खोलीत शिकायला मिळत नाही. आवाज बदलणं, कमी शब्दांत माणूस उभा करणं हे रेडिओ शिकवतो. थांबणं नाटक शिकवतं. ठाण्याच्या मुलांना एकांकिका स्पर्धांची सवय असते, त्याचा फायदा इथे होतो.

## ‘पण मोबाईल आल्यावर रेडिओ संपलाच ना?’

घरातला रेडिओ संच गेला, हे खरं. गाणं ऐकण्यासाठी कोणी आता रेडिओवर अवलंबून नाही. मात्र गाणी देणाऱ्या ॲपला तीन हात नाक्यावर आत्ता पाऊस कोसळतोय हे सांगता येत नाही. रेडिओकडे उरलंय ते हेच : इथलं, आत्ताचं, माणसाच्या तोंडून. त्यामुळे गाण्यांचं महत्त्व घटलं तसं आरजेचं वाढलं. केंद्रंही त्याच्या लिंकचे व्हिडिओ करून फिरवतात. आरजेला आता चेहरा आला.

याने गणित थोडं बदललं आहे. आरजेचं स्वतःचं सोशल मीडिया खातं त्याच्याबरोबर जातं, फ्रिक्वेन्सी जात नाही. करारात त्या खात्याबद्दल काय लिहिलंय, हे सही करण्याआधी वाचायला हवं.

मराठीचा प्रश्नही विचारला जातो. पुण्यातले आरजे मराठीत मोकळेपणाने बोलतात, मुंबईच्या खासगी केंद्रांवर मात्र हिंदीच जास्त. कारण जाहिरातदाराला एकाच आवाजात सगळी महानगरी हवी असते. ठाणे-डोंबिवलीच्या श्रोत्याचं प्रमाण पाहता हे मला खटकतं, आणि श्रोत्यांनी फोन करून, लिहून मराठीची मागणी लावून धरायला हवी. आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मराठीच आहे. ५५८ किलोहर्ट्‌झवर ती लागते.

## घरातल्या मुलाला यायचंच असेल तर

आकाशवाणी हंगामी निवेदकांची भरती वेळोवेळी जाहीर करते. लेखी परीक्षा, मग आवाजाची चाचणी. महिन्याला मोजक्याच ड्युट्या मिळतात, त्यावर घर चालत नाही, पण उच्चार, वेळेची शिस्त आणि माइकपुढची भीती यांचं शिक्षण याहून चांगलं कुठेच मिळत नाही. पदवी पूर्ण करावीच. दुसरं एखादं कौशल्य, म्हणजे लेखन, ध्वनिसंपादन किंवा सूत्रसंचालन, बरोबर असावं.

खासगी केंद्राला पाठवायचा डेमो, म्हणजे आपल्या कामाचा रेकॉर्ड केलेला नमुना, दोन मिनिटांचा पुरतो. प्रसिद्ध आरजेची नक्कल नको, नटांचे आवाज नकोत. तीन लिंक कराव्यात : एक आपल्या भागातल्या आजच्या घडामोडीवर, एक गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर सेकंद मोजून बोललेली, एक अनोळखी माणसाशी झालेल्या खऱ्या गप्पांची, त्याच्या परवानगीने. डेमो फोनवर केला तरी चालतो, पंखा तेवढा बंद ठेवावा. आणि फाइलच्या नावातच आपलं नाव नि नंबर लिहावा, कारण ऐकणाऱ्यासमोर तशा ढीगभर फाइली असतात.